गोऱ्ह्यांचा पत्ता

लोहारदा,
२० नोव्हेंबर २०२३

प्रिय काकू,

पाया पडते. माझे व्हॉट्सॲपवरचे मेसेज तुम्हाला वाचता येत नाहीत, कारण मी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिते, असं तुमच्या लेकानं, चिरागदादानं सांगितलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मतलब आता पत्रच. शाळा सगळी हिंदीत झाली, त्यामुळे चुका होतील. लाल पेन हातात घेऊनच वाचा.

देवास सोडल्याला चार महिने झाले. धीरजची फॅक्टरीतली लाइन बंद झाली, त्याच्या मामांनी लोहारद्याजवळची जमीन कसायला दिली आणि आम्ही सहा मालवी गाई घेतल्या. मी केबलवर बातम्या वाचणारी, धीरज मशीनवर टायर बघणारा. गाय दोघांनीही फक्त रस्त्यावर पाहिलेली. पहिल्या आठवड्यात गंगीनं मला दोनदा लाथ मारली. मी रोज बाजू बदलून बसत होते. तिला एकच बाजू सवयीची, हे मला कोण सांगणार? शेजारची पार्वतीवहिनी हसून हसून लोळली आणि मग तिनंच सांगितलं.

तेव्हाच डोक्यात आलं की आपण रोज जे शिकतो ते फोनवर रेकॉर्ड करून लोकांना दाखवावं. ‘नीतू का बाड़ा’ नाव ठेवलं. मी कुणाला शिकवत नाही, मी शिकते आणि लोक बघतात. लाथेचा व्हिडिओ खूप चालला. त्याहून जास्त चालला तो धौळी व्याली त्याचा. तिला गोऱ्हा झाला, डावा कान अर्धा काळा. बघणाऱ्यांनीच नाव ठेवलं, शंभू. मागोमाग कबरीलाही गोऱ्हाच झाला, तो भोला. तो जरा नाजूक आहे, पण दूध ओढायला पक्का. आता लोक रोज विचारतात, शंभू-भोला कैसे हैं.

चिरागदादानं तुम्हाला टॅब्लेटवर लावून दिलंय ना? बघा आणि कसं वाटलं ते लिहा. खरं खरं लिहा.

तुमची,
नीतू

*

धार,
२ डिसेंबर २०२३

चि. सौ. नीतूस काकूचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. लाल पेन काढलं नाही, शाई पुरली नसती. एकच सांगते, आपण ‘मतलब’ म्हणत नाही, ‘म्हणजे’ म्हणतो. तुझे काका असते तर त्यांनी तेवढ्यावरून जेवण थांबवलं असतं.

टॅब्लेट बघते. दुपारी ब्लाउज शिवून झाले की मशीनवरच तो टेकवून ठेवते. तू काय बोलतेस ते मला कळत नाही, खाली हिंदीत अक्षरं येतात ती भराभर पळतात. म्हणून मी नुसती जनावरं बघते. कान गेल्यापासून घरात चार माणसं बोलायला बसली की माझं काहीतरी राहून जातंय असं वाटत राहतं. तुझा बाडा बघताना तसं वाटत नाही. गाई बोलतच नाहीत, मग चुकणार काय?

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. धार काढताना तू पिवळी सिल्कची साडी नेसली होतीस. तिला फॉल मी लावला होता. शेणाचा डाग तिच्यावरून जायचा नाही, आणि सिल्क नेसून कुणी धार काढत नाही. दुसरं, त्या लाल गाईला तू झेंडूची माळ घातली होतीस. माळ सरकली तेव्हा खाली मानेवर दाव्यानं घासून जखम झालेली दिसली. माळ छान होती. जखमेला काहीतरी लाव.

काळ्या कानाचा पोरगा गुणी आहे. दूध पिताना शेपूट कशी फिरवतो!

धीरजरावांना आशीर्वाद. त्यांची दाढी वाढली आहे, तब्येत बरी आहे ना?

काकू

*

लोहारदा,
२७ डिसेंबर २०२३

प्रिय काकू,

पाया पडते. तुमचं पत्र वाचून आधी राग आला, मग गंगीची मान बघायला गेले. जखम होती. मी माळ घालताना पाहिलीच नव्हती. आता दावं बदललं, सुती घेतलं, डॉक्टरांनी मलम दिलं. त्याचाच व्हिडिओ केला आणि सांगितलं की धारच्या माझ्या काकूंनी चूक पकडली. लोक तुम्हाला ‘धारवाली काकी’ म्हणू लागले आहेत.

साडी पण सोडली. आता जुना सलवार-कुर्ता.

बाकी शिकणं चालू आहे. गाय माजावर आली हे कसं ओळखायचं, मला आत्ता कुठे कळायला लागलंय. ती ओरडते, खाणं सोडते, दुसरीवर चढते. एक वेळ चुकली की तीन आठवडे थांबावं लागतं. त्वचेच्या रोगाची लस सगळ्यांना टोचून घेतली. मालवी गाय दूध थोडं देते, पण आजारी कमी पडते. खरं म्हणजे ही जात नांगराच्या बैलांसाठीच नावाजलेली, असं डॉक्टर म्हणाले. आता नांगर कोण धरतंय, सगळीकडे ट्रॅक्टर.

चिंता एकच, चारा. गहू हार्वेस्टरनं कापतात तेव्हा भुसा शेतातच राहतो आणि लोक पेटवून देतात. मिळतो तो लांबून आणावा लागतो. सरकीच्या ढेपेसाठी धीरज पिकअप घेऊन पार धामनोदपर्यंत जातो. त्याची तब्येत ठीक आहे, फक्त तो बोलतो कमी. रोज संध्याकाळी भुश्याच्या खोलीत जाऊन उभा राहतो आणि ढीग बघतो.

मी मात्र खूश आहे. जानेवारीत देवासला पशुमेळा आहे, तिथे मला स्टेजवर बोलायला बोलावलंय. नवीन लोकांनी गोपालन कसं सुरू करावं यावर. मी! पाच महिन्यांची शिकाऊ.

तुमची,
नीतू

*

धार,
९ मार्च २०२४

चि. सौ. नीतूस आशीर्वाद.

मेळ्यातला तुझा फोटो चिरागनं दाखवला. हिरवा फेटा बांधलेली तूच ना? चांगली दिसतेस. मध्ये दोन महिने पत्र नाही, मी समजले मोठी माणूस झालीस.

माझी नजर अजून शाबूत आहे, म्हणून विचारते. काळ्या कानाचा दिसत नाही. आधी वाटलं, चित्रात आला नसेल. म्हणून मागचे व्हिडिओ परत लावले. मेळ्याच्या आधीच्यात आहे. त्यानंतरच्या एकातही नाही, आणि तो दुसरा हडकुळाही नाही. गव्हाणीशेजारचे दोन छोटे खुंटे मोकळे आहेत. धौळी सारखी मागे वळून बघते.

आजारी पडले का? काही वाईट झालं असेल तर तेही लिही. मी म्हातारी आहे, पण काचेची नाही.

काकू

*

लोहारदा,
१७ मार्च २०२४

प्रिय काकू,

पाया पडते. पत्र न लिहिल्याबद्दल माफी. मेळ्यानंतर इतके फोन आले की विचारू नका. भोपाळहून एक बाई नोकरी सोडून गाई घेणार म्हणाली आणि सगळं मला विचारते.

शंभू आणि भोला मजेत आहेत! मी मेळ्याला तीन दिवस देवासला होते, तेव्हा धीरजनं ते कुक्षीच्या एका शेतकऱ्याला दिले. गणोजी नाव. त्याला बैलजोडी करायची आहे. मला आधी सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं म्हणून सांगितलं नाही, असं धीरज म्हणाला. मी रडले थोडी. पण मग वाटलं, बरंच झालं, इथे त्यांचं काय झालं असतं? तिथे नांगराला लागतील, त्यांच्या जातीचं काम करतील. मी व्हिडिओतही सांगितलं की दोघं कुक्षीला गणोजी भियांकडे गेले, आता शेती करणार. किती हजार लोकांनी हात जोडले! तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून कळलं नाही.

एक गोष्ट मात्र समजत नाही. धौळी आणि कबरी दोघींचं दूध अर्ध्यावर आलं. धौळी पान्हाच सोडत नाही. ढेप वाढवली, गूळ दिला, कासेला कोमट पाण्यानं शेकलं. पार्वतीवहिनी म्हणते, वासरू लवकर तोडलंत. पाच महिन्यांचे होते, मला वाटलं पुरे झाले असतील. या गाईंना पान्हा सोडायला वासरू जवळ लागतं, हे मी मेळ्यात बोलले सुद्धा होते, वाचून. घरच्या गाईच्या बाबतीत लक्षातच आलं नाही.

तुमची,
नीतू

*

धार,
२८ मार्च २०२४

चि. सौ. नीतूस आशीर्वाद.

वाचून जीव भांड्यात पडला. मी भलतंसलतं मनात आणत होते.

कुक्षीला चिराग दर महिन्याला जातो, त्याच्या कंपनीचं बियाणं तिथल्या दुकानांत लागतं. त्याला म्हटलं, गणोजींकडे जाऊन त्या दोघांचा एक फोटो काढून आण. म्हणजे तू तो लोकांना दाखवशील, आणि मलाही काळा कान दिसेल. तेव्हा गणोजींचं गाव आणि फोन नंबर धीरजरावांना विचारून कळव. चिराग चैत्राच्या शेवटी जाणार आहे.

त्यांच्यासाठी दोन झुली कापल्या आहेत. लाल, कडेला पिवळी पट्टी. अंदाजानं मोठ्याच घेतल्या, वाढतं अंग आहे.

काकू

*

लोहारदा,
१६ एप्रिल २०२४

काकू,

पाया पडते. झुली शिवू नका. थांबा.

तुमचं पत्र घेऊन मी धीरजकडे गेले. तो पिकअपचं चाक बदलत होता. म्हटलं, गणोजी भियांचा नंबर दे, चिरागदादा फोटो काढायला जाणार आहे. त्यानं पाना खाली ठेवला. मग म्हणाला, “गणोजी कोणी नाही.”

मला वाटलं मस्करी करतोय. तो म्हणाला, “फॅक्टरीत आमच्या लाइनवर एक गणोजी होते. तू विचारलंस तेव्हा तेच नाव तोंडात आलं.”

ढेप आणायला जाताना तो दोघांना पिकअपमध्ये घालून घेऊन गेला आणि धामनोदच्या पुढे हायवेवर उतरवून आला. इतक्या लांब का, तर जवळ सोडले की परत घरी येतात. हे त्याला गावातल्यांनी सांगितलं. काकू, इथे सगळेच सोडतात. कालवड झाली तर पेढे, गोऱ्हा झाला तर दूध तुटेपर्यंत ठेवतात आणि मग एक दिवस तो दिसत नाही. मी नऊ महिने इथे राहते आणि मला कधी प्रश्न पडला नाही की सगळ्यांच्या अंगणात गाई आहेत, मग बैल कुठे आहेत?

मी खूप बोलले त्याला. नको ते सगळं बोलले. तो एवढंच म्हणाला, “तू भुश्याचा ढीग कधी पाहिलास? तू व्हिडिओ बघत होतीस, मी ढीग बघत होतो. सहा गाईंना उन्हाळ्यापर्यंत पुरत नव्हता. कोणाला उपाशी ठेवायचं ते तू सांगितलं असतंस?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं धामनोदला गेलो. तो स्वतःहून आला. दोन महिने उलटून गेले होते. हायवेच्या डिव्हायडरवर, ढाब्यांच्या मागे, पेट्रोल पंपाजवळ, जिथे जिथे जनावरं दिसली तिथे उतरलो. सगळे गोऱ्हेच, काकू. एकही गाय नाही. कुणाच्या पायाला जखम, कुणाच्या तोंडात प्लास्टिक. मी शंभू शंभू ओरडत होते आणि ट्रकवाले हसत होते.

तो एका पंक्चरच्या दुकानापाशी सापडला. जुन्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेला, अंगावर मांसच नाही, पण कान तोच. दुकानदार, मोठ्या मिशांचा माणूस, पिकअपकडे बघून उठला. म्हणाला, “भिया, इसको छोड़ के जाने वाले आप ही हो क्या?” मला वाटलं धीरज काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. तो म्हणाला, “हाँ, मैं ही हूँ।” दुकानदार बराच वेळ बोलला, शिव्याही दिल्या. धीरज मान खाली घालून ऐकत होता. मग त्याच माणसानं आतून पाणी आणून दिलं. बायको रोज याला पोळ्या घालते, म्हणाला. भोला पण आधी बरोबर होता, मग दिसेनासा झाला. बायपासला एका जनावराला ट्रॉलीनं उडवलं होतं, ते तेच होतं की दुसरं, त्याला माहीत नाही. आम्ही संध्याकाळपर्यंत शोधलं. नाही मिळाला.

शंभूनं मला ओळखलं नाही. मी हात लावायला गेले तर मागे सरकला. पिकअपमध्ये चढायला तयार नव्हता, चार जणांनी ढकलून चढवला. एकदा ज्या गाडीनं नेलं तीच गाडी, कसा चढेल?

आता तो घरी आहे. धौळीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

मी काय करू? हजारो लोकांना सांगून बसले आहे की ते कुक्षीला शेती करतायत. कुक्षीचेच लोक खाली लिहितात, कोण गणोजी, कोणत्या गावचे. धीरज म्हणतो, गप्प बस, शंभू परत आणला असं दाखव, लोक खूश होतील. आणि खरं सांगितलं तर लोक दारात येतील, तूपही कुणी घेणार नाही. तो खोटं बोलत नाही आहे, खरंच येतील.

नीतू

*

धार,
२२ एप्रिल २०२४

नीतू,

पत्र दोनदा वाचलं. मग झुलीचं कापड उचलून ठेवलं आणि स्वयंपाकाला लागले. हात चालू असले की मला विचार करता येतो.

माझ्यामुळे हे उघडं पडलं, याचं मला वाईट वाटतं आणि वाटतही नाही. मी फोटो मागितला तो खरंच हौसेनं. मला संशय नव्हता. तू मला पोलीस समजू नकोस.

आमच्या गल्लीत असे पाच-सहा गोऱ्हे फिरतात. मी त्यांना भाजीची देठं टाकते आणि मनात म्हणते, कुठली मेली माणसं ही, अशी सोडून जातात. ती माणसं कोण हे आता कळलं. माझ्या माहेरच्या-सासरच्यांसारखीच आहेत. शिव्या द्यायला सोपं होतं तेव्हा.

लोकांना सांगावं की नाही हे मी नाही सांगणार. तुझं तोंड, तुझा बाडा. पण दोन गोष्टी लिहिते. तू कुक्षीचं बोललीस तेव्हा तुला ते खरं वाटत होतं. आता तसं नाही. उद्या कबरी परत व्याली आणि गोऱ्हा झाला तर तू कॅमेऱ्यासमोर काय म्हणशील? पुन्हा नाव ठेवायला सांगशील लोकांना? भोपाळची ती बाई गाई घेणार आहे ना, तिला हे कुणी सांगितलंय?

दुसरं, सांगायचं ठरलं तर धीरजरावांना चोर करून तू साव होऊ नकोस. ते ढीग बघत उभे असायचे हे तूच मला डिसेंबरात लिहिलं होतंस. तुला दिसत होतं. तेव्हा त्यांच्याशी आधी बोल, त्यांनी हो म्हटलं तरच बोल. घर मोडून खरं बोलण्यात काय मिळवायचं?

शंभूला गूळ आणि ज्वारीचं पीठ मिसळून चारतात म्हणे, अशक्तपणाला. डॉक्टरांना विचारून दे.

काकू

*

लोहारदा,
३० मे २०२४

प्रिय काकू,

पाया पडते. व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, पण मी काय बोलले ते तुम्हाला कळलं नसेल, म्हणून लिहिते.

तुमचं पत्र मी धीरजला वाचून दाखवलं. सगळं, चोर-साव पण. सहाव्या दिवशी धार काढून झाल्यावर तो म्हणाला, “बोल तू. माझं नाव घे. मला समोर उभं राहायला जमणार नाही. मी कॅमेरा धरतो.”

मी शंभूला शेजारी उभं केलं आणि सरळ सांगितलं. गणोजी कोणी नाहीत. हा आणि भोला धामनोदला सोडले होते, माझ्या नवऱ्यानं सोडले, तोच आत्ता कॅमेरा धरून उभा आहे. भोला मिळाला नाही. चारा किती होता, किती लागतो, तेही सांगितलं. मी इतके दिवस तुम्हाला गोजिरवाणी वासरं दाखवली, पण निम्मी वासरं नर असतात आणि त्यांचं पुढे काय होतं हे मी दाखवलं नाही, कारण मी स्वतःच विचारलं नव्हतं. गाय घेणार असाल तर आधी गोऱ्ह्याची जागा ठरवा, मग घ्या. एवढंच.

मग जे व्हायचं ते झालं. शिव्या इतक्या की मी फोन बंद करून ठेवला. तुपाची बहुतेक गिऱ्हाइकं गेली. एक दिवस एका जीपमधून सहा जण आले, गळ्यात गमछे, फाटकाशी मोठमोठ्यानं बोलू लागले. मी आतून कडी लावली. धीरज बाहेर गेला. त्यानं पाणी दिलं, खाटा टाकल्या आणि म्हणाला, “मैंने छोड़ा था, गलत किया। धामनोद रोड पर तीस-चालीस केड़े-बछड़े खड़े हैं। आप छह हो, एक-एक ले जाओ, पाल लो। भूसा मैं दूँगा पहले महीने का।” ते थोडा वेळ बसले. मग एकाला कुठे तरी जायचं आठवलं आणि सगळे गेले.

पण काकू, दुसरंही झालं. शिव्यांच्या मधूनमधून शेतकऱ्यांचे मेसेज आले. हमने भी छोड़े हैं. आमच्याकडे तीन आहेत, काय करू सांगा. एका बाईनं लिहिलं, माझ्या सासऱ्यांनी सोडला तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते, पण कुणाला सांगितलं नाही. पार्वतीवहिनी आली आणि माझ्याजवळ बसली. तिच्या अंगणातही बैल नाही.

आणि एक फोन आला कुक्षीच्या पलीकडून, डोंगरातल्या गावातून. भुवानसिंह नावाचे शेतकरी. त्यांची शेतं उतारावर आहेत, ट्रॅक्टर उलटतो. बैलच लागतात आणि चांगले मिळत नाहीत. ते बसनं इथपर्यंत आले. शंभूचे खूर पाहिले, पाय दाबून पाहिले, पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, हाड चांगलं आहे, बैल होईल. मी लगेच उड्या मारायला लागले. ते म्हणाले, “अभी नहीं बेटा, ढाई-तीन साल लगेंगे। तब तक तुम ही पालो। और एक बैल का मैं क्या करूँगा? जोड़ी चाहिए।”

जोडी तर आमच्याकडे होती.

तुमची,
नीतू

*

धार,
१४ जून २०२४

चि. सौ. नीतूस आशीर्वाद.

व्हिडिओ पाहिला होता, तुझं पत्र यायच्या आधीच. चिराग शेजारी बसून एकेक वाक्य कागदावर लिहून दाखवत होता. पण त्याआधी मी एकदा नुसता पाहिला. चित्र हलत होतं. तुझे बाकीचे व्हिडिओ कसे स्थिर असतात. तेव्हाच समजले की धरणारा हात कुणाचा आहे.

लोकांच्या शिव्या मला ऐकू येत नाहीत, त्यामुळे माझं बरं आहे. तू वाचू नकोस.

जीपवाल्यांना खाटा टाकल्या, पाणी दिलं, हे वाचून मी चिरागला म्हटलं, जावई चांगला मिळाला आहे. धीरजरावांना सांग, काकू असं म्हणाली. मात्र दाढी करा म्हणावं.

झुली परत काढल्या. एक पुरी केली. दुसरीचं काय करू ते कळव. कापड वाया जात नाही, घाई नाही.

काकू

*

लोहारदा,
५ सप्टेंबर २०२४

प्रिय काकू,

पाया पडते. दुसरीही शिवा.

मागच्या आठवड्यात धीरज बाजारातून सोयाबीनच्या फवारणीचं औषध आणायला गेला आणि येताना पिकअपमध्ये एक गोऱ्हा घेऊन आला. कुणी तरी मंडीच्या मागे सोडलेला, शंभूच्याच वयाचा, तांबूस रंगाचा, अंगावर गोचिड्याच गोचिड्या. मी विचारलं, हा कोण? म्हणाला, “भुवानसिंहजींना जोडी पाहिजे ना.” आणि त्याला धुवायला घेऊन गेला. दोन दिवस वेगळा बांधला, डॉक्टरांनी तपासलं, मग शंभूजवळ नेला. दोघं आधी भांडले, आता एकाच गव्हाणीत खातात.

चाऱ्यासाठी कडेच्या तुकड्यात सोयाबीन न लावता ज्वारी आणि मका टाकला आहे. दोन-तीन शेजाऱ्यांना भुसा पेटवू नका, आम्ही उचलून नेतो असं आधीच सांगून ठेवलं. हार्वेस्टरच्या मागे भुसा गोळा करायचं यंत्र असतं, ते भाड्यानं मिळतं, हे आम्हाला या वर्षी कळलं. मागच्या वर्षी कळलं असतं तर?

व्हिडिओ पाहणारे निम्मे उरले आहेत. जे आहेत ते वेगळे प्रश्न विचारतात. वेसण कधी घालायची, खच्ची केव्हा करायचं, जुंपायला कसं शिकवायचं. मला एकाचंही उत्तर येत नाही. भुवानसिंहजींना फोन करते आणि ते जे सांगतात ते त्यांचं नाव घेऊन सांगते. भोपाळच्या बाईनं गाई घेतल्या. चार घ्यायच्या होत्या, तिनं दोनच घेतल्या.

डिसेंबरात देवासला महिलांच्या दूध संघाचं शिबिर आहे, तिथे बोलायला बोलावलंय. यावेळी फेटा नाही बांधणार.

तुमची,
नीतू

*

लोहारदा,
१९ डिसेंबर २०२४

आदरणीय काकू,

धीरजचा चरणस्पर्श. मी पत्र पहिल्यांदा लिहितो आहे. माझी मराठी नीतूपेक्षा पण खराब आहे, सांभाळून घ्या. नीतू कालपासून देवासला शिबिरात आहे, तिचा फोन भाषणाच्या वेळी बंद असतो. मला कोणाला तरी सांगायचं होतं. तुम्हाला फोन करता येत नाही, म्हणून कागद घेतला. बरंच झालं, फोनवर मला बोलता आलं नसतं.

आज नाश्त्याच्या वेळी कबरी व्याली. मी एकटाच होतो. पार्वतीवहिनी लग्नाला गेल्या आहेत, डॉक्टर फोन उचलत नव्हते. आधी पाय दिसले, मग बराच वेळ काही नाही. मी खूप घाबरलो. नीतूच्याच एका जुन्या व्हिडिओत पाहिलं होतं की ओढायचं नाही, तिनं जोर केला तेव्हाच हलकं खाली धरायचं. तसं केलं. वासरू बाहेर आलं, नाक-तोंड साफ केलं, तर शिंकलं.

तेव्हा मी सर्वात आधी काय पाहिलं, ते तुम्हाला लिहायची गरज नाही. शेपूट उचलून पाहिली. गोऱ्हा आहे.

काकू, खोटं नाही लिहीत. मी तिथेच मातीत बसलो आणि मनात भुश्याचा हिशोब सुरू झाला. आपोआप होतो तो. दोन बैल, सहा गाई, हे नववं तोंड. भुसा होळीपर्यंत पुरेल, मग ज्वारीचा कडबा. त्याच्या पुढचं माहीत नाही. तेवढ्यात तो उठायला लागला. पडला, परत उठला, परत पडला. कबरी त्याला चाटत होती आणि त्यात तोच पडत होता. मला हसू आलं.

मागच्या वेळी मी आधी धार काढायचो, मग वासराला सोडायचो. आज बादली आणलीच नाही. त्याला सडाशी नेलं आणि चीक पिऊ दिला, जितका पाहिजे तितका.

मग मी फोन गव्हाणीला टेकवून ठेवला आणि त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. मला कॅमेऱ्यासमोर बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. दोनदा चालू करून बंद केला. तिसऱ्यांदा म्हणालो की कबरी व्याली, दोघं ठीक आहेत, गोऱ्हा झाला आहे, आणि हा आमच्याकडेच राहील. बस इतकंच. घाण कपड्यांवर होतो, दाढी पण नव्हती केली. मग बटण दाबलं आणि लोकांना पाठवून दिलं.

तुम्ही पाहाल तेव्हा आवाज येणार नाही तुम्हाला, म्हणून काय बोललो ते वर लिहिलं आहे.

आता दुपार झाली. नीतूचा अजून फोन आला नाही. मी बाड्यातच बसून लिहितो आहे. तो पोटभर पिऊन आईला टेकून झोपला आहे आणि झोपेत त्याचे पाय हलतायत.

आपला,
धीरज